साधनांच्या दोन तारखा : दास्यविरोधी स्त्रियांच्या युद्धकालीन चरित्रांचे संशोधन आणि केडगावची साक्ष

१

भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर आणि दौंड ह्या तालुक्यांशी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा संबंध दोन वेगळ्या वाटांनी आला. शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे एक ठाणे होते व ह्या मिशनची मातृसंस्था, अमेरिकन बोर्ड, बोस्टन शहरात होती. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी जे 'मुक्ति' उभारले त्याचा पाया शारदा सदनाचा, आणि शारदा सदनाला आरंभी आधार दिला तो १८८७ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने. ही संस्थाही बोस्टनचीच. बोस्टन हे दास्यविरोधी चळवळीचे एक प्रमुख केंद्र असल्यामुळे त्या चळवळीचे वारे मिशनच्या मार्गाने आपल्या जिल्ह्यात आले, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष साधनांच्या कसोटीस उतरत नाही.

१८४० नंतरच्या दशकात दास्यविरोधकांनी ज्या संस्थांना धारेवर धरले त्यांत खुद्द अमेरिकन बोर्ड होते. गुलामांच्या मालकांकडून देणग्या घ्याव्यात काय, त्यांना चर्चचे सभासद म्हणून राहू द्यावे काय, ह्या प्रश्नांवर बोर्डाने स्पष्ट भूमिका घेतली नाही, असा आक्षेप होता. असंतुष्टांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढली, व पुढे यादवी युद्धाच्या काळात मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी शाळा चालविण्यास शिक्षिका धाडण्याचे मोठे काम ह्या दुसऱ्या संस्थेने केले. उलटपक्षी रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे १८५४ च्या सुमारास कॅन्सस प्रांत दास्यमुक्त राहावा म्हणून तेथे वसाहतकरी पाठविण्याच्या चळवळीत होते. म्हणजे केडगावचा धागा दास्यविरोधी पिढीपर्यंत सरळ पोहोचतो. शिरूरचा धागा मात्र त्याच शहरातून निघूनही त्या वादाच्या दुसऱ्या बाजूने येतो. गाव एक, धर्म एक, भाषा एक, म्हणून प्रेरणाही एक असे मानता येत नाही, हा ह्या विषयातील पहिला धडा होय.

२

१८६१ ते १८६५ ह्या यादवी युद्धाच्या काळात दास्यविरोधी स्त्रियांनी काय केले, ह्याचे ढोबळ चित्र सुपरिचित आहे. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुसान अँथनी ह्यांनी १८६३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे स्त्रियांचा राष्ट्रनिष्ठ संघ स्थापून दास्याचे घटनेनेच निर्मूलन व्हावे ह्या मागणीच्या अर्जावर जवळजवळ ४ लाख सह्या गोळा केल्या. हॅरिएट टबमन हिने दक्षिण कॅरोलिनात शुश्रूषा केली, हेरगिरी केली आणि १८६३ च्या जून महिन्यात कोंबाही नदीवरील स्वारीत वाट दाखविली. त्या एका रात्रीत ७०० हून अधिक गुलाम सुटले. सोजर्नर ट्रूथ हिने मुक्त झालेल्या लोकांच्या छावण्यांतून काम केले. हॅरिएट जेकब्स हिने १८६४ च्या आरंभी अलेक्झांड्रिया येथे आपल्या मुलीसह शाळा उघडली. शार्लट फॉर्टन ही १८६२ च्या ऑक्टोबरात सेंट हेलेना बेटावर शिकविण्यास गेली.

हे सर्व आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आणि कोणत्या भाषेत आले, हा प्रश्न विचारताच चित्र गुंतागुंतीचे होते. टबमन आणि ट्रूथ ह्या दोघींना लिहिता येत नव्हते. त्यांचे जे शब्द म्हणून छापले गेले ते ऐकणाराने लिहिलेले आहेत. सोजर्नर ट्रूथचे उदाहरण भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक आहे. १८५१ च्या मे महिन्यात ओहायो संस्थानातील अ‍ॅक्रन येथे स्त्रीहक्कपरिषदेत तिने केलेल्या भाषणाचा वृत्तांत तीनचार आठवड्यांतच तेथील एका दास्यविरोधी पत्रात आला. तो वृत्तांत साध्या, प्रमाण इंग्रजीत आहे. परंतु जगभर जे भाषण प्रसिद्ध आहे ते हे नव्हे. ते फ्रान्सिस गेज ह्या बाईंनी बारा वर्षांनी, १८६३ च्या एप्रिलमध्ये, स्मरणावरून लिहून प्रसिद्ध केलेले आहे. त्यात एक प्रश्न ध्रुवपदासारखा पुन्हा पुन्हा येतो. आधीच्या वृत्तांतात तो त्या रूपाने येत नाही. नव्या पाठात वक्त्रीची भाषा दक्षिणेकडील मळ्यांतल्या गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली आहे. वास्तविक ट्रूथ ही न्यूयॉर्क संस्थानात जन्मली, तिची पहिली भाषा डच होती, आणि दक्षिणेच्या मळ्यांवर तिचे आयुष्य गेलेले नव्हते. गेजबाईंच्या पाठात तिला तेरा मुले आहेत; तिला पाच होती.

तेव्हा हा पाठ खोटा म्हणून टाकून द्यावयाचा काय? तसे करणे ही संशोधनातील दुसरी चूक ठरेल. हा पाठ १८५१ चे साधन म्हणून दुबळा असला, तरी १८६३ चे साधन म्हणून अत्यंत मोलाचा आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीस लिंकनचा मुक्तिनामा जाहीर झाला होता. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे की न घ्यावे, ते नागरिकत्वास पात्र आहेत की नाहीत, ह्यांवर उत्तरेत रणे माजली होती. अशा वेळी गोऱ्या वाचकांसमोर एक धिप्पाड, निरक्षर, गुलामीचे घाव सोसलेली आणि तरीही बुद्धीने सर्वांवर मात करणारी स्त्री उभी करावयाची होती. तिच्या तोंडी डच वळणाची इंग्रजी घातली असती तर वाचकाला ती ओळखू आली नसती. म्हणून तिला मळ्यावरची बोली दिली गेली. म्हणजे बोली येथे वक्त्रीची नाही, वाचकाच्या अपेक्षेची आहे.

ह्यावरून एक नियम बसविता येतो. प्रत्येक साधनाला दोन तारखा असतात : एक घडलेल्या गोष्टीची आणि दुसरी ती गोष्ट लिहिली गेल्याची. तसेच मुखातून मुखात आलेल्या साधनाला दोन जिभा असतात : बोलणाराची आणि लिहिणाराची. पहिल्या तारखेस आणि पहिल्या जिभेस पोहोचण्यापूर्वी दुसरीचा हिशेब पुरा करावा लागतो.

टबमनच्या चरित्रात हाच नियम आकड्यांना लागू पडतो. सेरा ब्रॅडफर्ड ह्या बाईंनी १८६९ साली तिचे चरित्र लिहिले व १८८६ साली ते नव्या रूपात काढले. तिने एकोणीस फेऱ्या करून ३०० माणसे सोडविली, हा आकडा त्यांच्यामुळे रूढ झाला. अलीकडच्या संशोधकांनी पत्रे, मालकांच्या जाहिराती व सुटून आलेल्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा सुमारे तेरा फेऱ्या व सत्तरच्या आसपास माणसे असा हिशेब निघाला. ब्रॅडफर्डबाईंच्या पुस्तकाचे उत्पन्न टबमनच्या चरितार्थासाठी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आकडा का फुगला ह्याचे आश्चर्य वाटत नाही. संशोधनाने टबमन लहान होते असे कोणास वाटत असेल तर त्याने तिच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पाहावीत. युद्धातील सेवेचे वेतन मिळावे म्हणून ती तीस वर्षांहून अधिक काळ झगडत होती. १८९५ साली तिला महिना ८ डॉलर मंजूर झाले, पण ते सैनिकाची विधवा म्हणून; १८९९ साली ते २० डॉलर झाले, आणि वाढीचे कारण शुश्रूषा हे दाखविले गेले. हेरगिरीचा आणि मार्गदर्शनाचा त्यात उल्लेख नाही. फुगलेल्या आकड्यांपेक्षा सरकारी कागदावरची ही काटछाट तिच्या आयुष्याविषयी अधिक सांगून जाते.

जेकब्सची गोष्ट उलट प्रकारची आहे. तिने स्वतःच्या हाताने आत्मवृत्त लिहिले व ते १८६१ साली, युद्धाच्या तोंडावर, टोपणनावाने प्रसिद्ध झाले. संपादिका म्हणून लिडिया मारिया चाइल्ड ह्यांचे नाव होते. त्यामुळे पुढे जवळजवळ शतकभर ते चाइल्डबाईंनी रचलेले कल्पित मानले गेले. एका गुलाम स्त्रीला इतके रेखीव लिहिता येईल, हे विद्वानांना पटेना. जीन फेगन येलिन ह्यांनी जेकब्सच्या हस्ताक्षरातील पत्रांची पुस्तकाशी तुलना करून १९८१ साली कर्तृत्व सिद्ध केले व १९८७ साली सटीप आवृत्ती काढली. ट्रूथला न बोललेली बोली देण्यात आली. जेकब्सने लिहिलेली भाषा तिच्याकडून काढून घेण्यात आली. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच होती : गुलाम स्त्री अमुकच भाषेत बोलणार.

३

मराठी वाचकाला ह्या अमेरिकन पिढीचा सविस्तर परिचय करून देणाऱ्या ग्रंथांत पंडिता रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) ह्या ग्रंथाचे स्थान अग्रगण्य आहे. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियास गेल्या व जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, उद्योगव्यापार असा ग्रंथाचा विस्तार आहे. दास्यप्रथा व ती संपल्यावरही उरलेला वर्णद्वेष ह्यांची त्या दखल घेतात. प्रजासत्ताकाच्या कौतुकात हा डाग झाकत नाहीत. परंतु ग्रंथाचा प्राण आहे तो स्त्रियांच्या संस्थांच्या वर्णनात. सभा कशी भरवावी, वर्गणी कशी जमवावी, अर्ज कसा करावा, हे त्या तपशिलाने सांगतात.

ह्या ग्रंथालाही वरील नियम लावला पाहिजे. रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा युद्ध संपून वीस वर्षे लोटली होती. त्या ज्या स्त्रियांना भेटल्या त्या युद्धकाळाच्या साक्षीदार असल्या तरी आता मद्यपाननिषेध, मताधिकार, उच्च शिक्षण अशा पुढच्या कार्यांत गुंतल्या होत्या. त्या सुमारास स्त्रीचळवळीचा जो मोठा इतिहास उपलब्ध होता तो स्टँटन, अँथनी व त्यांच्या सहकारिणी ह्यांनीच १८८१ पासून तीन खंडांत प्रसिद्ध केलेला होता. ट्रूथच्या भाषणाचा गेजबाईंनी लिहिलेला पाठच त्यातही आहे. विजयी नेत्यांनी स्वतः रचलेल्या इतिहासात दास्यविमोचन हा स्त्रीहक्काच्या यात्रेतला एक टप्पा म्हणून दिसणे स्वाभाविक होते. म्हणून १८८९ चा मराठी ग्रंथ १८६३ च्या घटनांचे प्रमाण म्हणून वापरता येणार नाही. १८८६ ते १८८८ ह्या काळात चळवळीतील स्त्रिया आपल्या भूतकाळाविषयी पाहुणीला काय सांगत होत्या, त्याचा तो कवडसा आहे. आणि त्याहून अधिक, मराठी वाचकाने त्यातून काय घ्यावे असे लेखिकेला वाटत होते, त्याचे तो प्रत्यक्ष प्रमाण आहे.

ह्या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व रमाबाईंच्याच इंग्रजी ग्रंथाशी तुलना केली असता कळते. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील त्यांचे १८८७ चे इंग्रजी पुस्तक अमेरिकन वाचकाला उद्देशून आहे, आणि त्याला मदतीस प्रवृत्त करणे हा त्याचा हेतू आहे. तेथे हिंदू स्त्री दुःखभोगी म्हणून येते. मराठी ग्रंथात अमेरिकन स्त्री कार्यकर्ती म्हणून येते. एकाच लेखणीने दोन वर्षांच्या अंतराने एका भाषेत करुणा मागितली व दुसऱ्या भाषेत कर्तृत्वाचा नमुना ठेवला. जो चरित्रकार केवळ इंग्रजी पुस्तक वाचील त्याला रमाबाई याचक दिसतील. जो केवळ मराठी वाचील त्याला त्या प्रचारक दिसतील.

येथे एका योगायोगाची नोंद केली पाहिजे. आनंदीबाई जोशी ह्यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली बोस्टनला कॅरोलाइन हीली डॉल ह्यांनी लिहिले. त्या स्वतः दास्यविरोधी चळवळीतल्या लेखिका होत्या. पुढल्याच वर्षी काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आले आणि त्याच वर्षी रमाबाईंचा ग्रंथही. म्हणजे एक दास्यविरोधी स्त्री मराठी स्त्रीचे जीवन लिहीत होती, तेव्हा एक मराठी स्त्री दास्यविरोधी स्त्रियांच्या पिढीचे जीवन लिहिण्याच्या तयारीत होती. हे तीनही ग्रंथ एकत्र वाचून 'दुसरीचे चरित्र' लिहिताना काय सुटते ह्याचा विचार झाला तर तो मराठी चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासात मोठी भर घालील.

४

मराठीत हा विषय लिहिताना शब्दांचीच एक अडचण उभी राहते. घरगुती गुलाम स्त्रीसाठी मराठीत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द होते. पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी येतात व मोल्सवर्थच्या कोशात ह्या दोन्ही शब्दांचे हे अर्थ दिलेले आहेत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात दास्याला न्यायालयाचा आधार राहिला नाही. असे असूनही अमेरिकेच्या संदर्भात मराठी लेखणी ह्या शब्दांकडे वळली नाही. तिने अरबी मुळाचा 'गुलाम' उचलला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, आणि त्याला नाव दिले 'गुलामगिरी'. ह्या शब्दातील फारशी वळणाचा '-गिरी' हा प्रत्यय मुलूखगिरी, शिपाईगिरी ह्यांत दिसतो तसा व्यवहाराचा, चालू धंद्याचा बोध करतो. 'दास्य' म्हणताच भोगणाराची अवस्था डोळ्यांपुढे येते. 'गुलामगिरी' म्हणताच चालविणाराचा व्यवहार. फुल्यांच्या ग्रंथाचा रोख चालविणारांवर असल्याने त्यांची निवड अर्थपूर्ण ठरते.

परंतु ह्या निवडीची किंमतही मोजावी लागली. 'गुलाम' हा शब्द दूरच्या अमेरिकेशी अथवा संपूर्ण जातिव्यवस्थेशी जोडला गेल्यावर माजघरातील कुणबीण आणि अमेरिकेतील गुलाम स्त्री ह्या एकाच संस्थेच्या बळी होत, हे मराठी वाचकाच्या ध्यानात येणे अवघड झाले. टबमन किंवा जेकब्स ह्यांचे चरित्र मराठीत लिहिताना हे दोन शब्द शेजारी ठेवण्याचे धैर्य चरित्रकाराने दाखविले पाहिजे.

'मुक्ति' ह्या शब्दाचा प्रवास त्याहून लक्षणीय आहे. पारंपरिक अर्थ जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती मराठीत तोच शब्द पापापासून तारणाच्या अर्थाच्या जवळ गेला. दास्यविमोचनाच्या संदर्भात तो शरीराच्या सुटकेचा वाचक झाला. केडगावच्या संस्थेला हे नाव देताना हे तीनही थर एकत्र आले. त्यांपैकी केवळ धार्मिक थर पाहणारे टीकाकार आणि केवळ सामाजिक थर पाहणारे प्रशंसक, दोघेही शब्दाचा अर्थ अर्धाच वाचतात.

५

आता केडगावकडे वळावयाचे ते ह्याच दृष्टीने. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांची व्यवस्था केडगावच्या जमिनीवर करावी लागली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. युद्ध आणि दुष्काळ ह्या भिन्न आपत्ती होत. परंतु त्यांतून निपजणारी साधने एका जातीची असतात. याद्या, देणगीची आवाहने, वार्षिक वृत्तांत, आधीची उपासमार व नंतरचे आरोग्य दाखविणारी छायाचित्रे. ह्या साधनांत हजारो स्त्रिया दिसतात, पण फारच थोड्या बोलतात.

आणि ज्या बोलतात त्या इंग्रजीत बोलतात. जबलपुराकडून आलेली मुलगी हिंदीची एखादी बोली बोलत असेल, गुजरातेतून आलेली गुजराती; संस्थेत ती मराठी शिकली; तिची कहाणी परदेशी वर्गणीदारांसाठी भक्तिपर इंग्रजीत छापली गेली. हेलन डायर ह्यांचे रमाबाईंचे इंग्रजी चरित्र १९०० साली, म्हणजे चरित्रनायिका हयात व संस्था मदतीची गरजू असताना, प्रसिद्ध झाले. त्यातील साक्षींना ट्रूथच्या १८६३ च्या भाषणासारखेच वागविले पाहिजे : टाकावयाच्या नाहीत, पण दुसरी तारीख व दुसरी जीभ पाहिल्यावाचून घ्यावयाच्याही नाहीत.

खुद्द रमाबाईंच्या आठवणींनाही हा नियम चुकत नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील वारले. त्या काळाची हकीकत त्यांनी इंग्रजीत लिहिली ती १८९७ साली, नव्या दुष्काळातून आणलेल्या मुली भोवती असताना. वीस वर्षांपूर्वीची भूक नव्या भुकेच्या साक्षीने लिहिली गेली. गेजबाईंच्या बाबतीत स्मरण दुसऱ्या स्त्रीचे होते. येथे ते स्वतःचे आहे, म्हणून त्याचे वजन कितीतरी अधिक. तथापि लिहिण्याचा क्षण दोन्हीकडे मजकुरात उतरला आहे, हे विसरता येत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर मराठीतील एका छोट्या मजकुराचे मोल उठून दिसते. पुण्यातील फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. शिरूरला ठाणे असलेल्या त्याच अमेरिकन मिशनचे हे पत्र. तेथे संपादकाचा हात असेलही. पण भाषा मुलीची स्वतःची, विषय तिच्या जातीचा, आणि लिहिण्याची तारीख भोगण्याच्या तारखेस लागून. अमेरिकन साधनांत हे स्थान शार्लट फॉर्टनच्या सेंट हेलेना बेटावरील रोजनिशीला आहे. युद्ध चालू असता, स्वतःच्या हाताने, दिवसाच्या दिवशी लिहिलेल्या ह्या रोजनिशीची निवड १९५३ साली ग्रंथरूपाने आली. अशी साधने थोडी असतात. ती सापडेपर्यंत उरलेल्यांचा त्याग करावयाचा नसतो, त्यांचा दर्जा ठरवावयाचा असतो.

६

एवढ्या विवेचनावरून दास्यविरोधी स्त्रियांच्या युद्धकालीन चरित्रांविषयी जे म्हणावयाचे ते असे. ह्या चरित्रांत थोरवीची उणीव नाही. उणीव आहे ती साधनांची प्रतवारी करण्याची. टबमनचा फुगलेला आकडा, ट्रूथची उसनी बोली, जेकब्सचे हिरावलेले कर्तृत्व ह्या तिन्ही गोष्टी शत्रूंनी केल्या नाहीत. पहिल्या दोन मैत्रिणींनी केल्या आणि तिसरी अभ्यासकांनी. सद्भावनेने केलेला फेरफार ओळखणे सर्वांत कठीण, कारण त्याकडे संशयाने पाहणे कृतघ्नपणाचे वाटते.

केडगावच्या बाबतीत हीच वृत्ती आड येते. रमाबाईंविषयी आदर असणारा अभ्यासक संस्थेच्या वृत्तांतांना हात लावण्यास कचरतो. अनादर असणारा ते वाचतच नाही. दोहोंचा परिणाम एकच होतो. १८९७ साली मध्यप्रांतातून केडगावास उतरलेली मुलगी पुढे काय झाली, कोणती भाषा बोलली, तिने छापखान्यात खिळे जुळविले की शेतात काम केले, तिने आपले जुने नाव ठेवले की टाकले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. टबमनला आपल्या सेवेची नोंद व्हावी म्हणून तीस वर्षे अर्ज करावे लागले. केडगावच्या मुलींनी असा अर्ज केला नाही. तो त्यांच्या वतीने करणे हे संशोधकाचे काम होय, आणि त्यासाठी शिरूर-दौंडच्या पलीकडे जाण्यापूर्वी मिशनचे वृत्तांत, चर्चची बाप्तिस्मा व विवाहांची दप्तरे, शाळांचे पट आणि आसपासच्या घरांतील तोंडी आठवणी ह्यांची, प्रत्येकीवर दोन तारखा आणि दोन जिभा लिहून, सूची तयार झाली पाहिजे.